मालवणसमोरची बेटे : खडक, वाळू आणि पाण्याची पातळी

मालवणच्या धक्क्यावरून समोरच्या समुद्रात किती बेटे दिसतात, या साध्या प्रश्नाचे उत्तर घड्याळ आणि पंचांग पाहिल्याशिवाय देता येत नाही. सिंधुदुर्ग किल्ला ज्यावर उभा आहे ते कुरटे बेट कोणत्याही वेळी बेटच असते. परंतु त्याच्या आणि किनाऱ्याच्या मधला पद्मगड भरतीला बेट असतो आणि मोठ्या ओहोटीला पायी जाता येईल असा किनाऱ्याचाच एक भाग होतो. सभोवार विखुरलेले कित्येक खडक ओहोटीला डोके वर काढतात आणि भरतीला नाहीसे होतात, तर दक्षिणेस देवबागजवळ कर्ली नदीच्या मुखाशी असलेले वाळूचे बेट एका मोसमातून दुसऱ्या मोसमात जाताना आपला आकारही बदलते.

कल्पित द्वीपसमूहाचा नकाशा काढणाऱ्या कादंबरीकारास ही अडचण येत नाही. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने १८८१ साली आपल्या सावत्र मुलाच्या करमणुकीसाठी एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्यातून ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी निर्माण झाली. त्या बेटाचा किनारा रेषा जेथे ओढली तेथे कायमचा थांबला. खऱ्या द्वीपसमूहात प्रत्येक बेट तेथे का आहे याला कारण असावे लागते, आणि मालवणच्या समुद्रात ही कारणे एका जातीची नाहीत. काही बेटे अतिप्राचीन कठीण खडकाची आहेत, काही नदीच्या गाळाची, काही निव्वळ वाळूची, आणि या सर्वांहून मोठे असे एक बेट आज संपूर्णपणे पाण्याखाली आहे. या सर्वांचे भवितव्य ठरवणारी बाब मात्र एकच आहे, ती म्हणजे पाण्याची पातळी. ती दिवसातून दोनदा बदलते आणि हजारो वर्षांच्या ओघातही बदलत आलेली आहे.

तिथीवरून भरती

चंद्राच्या आणि काही अंशी सूर्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे समुद्राचे पाणी चढते व उतरते. मालवणच्या किनाऱ्यावर एका दिवसात साधारणपणे दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात आणि त्यामुळे आजची भरती उद्या जवळजवळ ५० मिनिटे उशिरा येते. अमावस्येला व पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत आल्याने दोन्ही आकर्षणांची बेरीज होऊन पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ही आकर्षणे परस्परांशी काटकोनात असल्याने चढ-उतार कमी राहतो, त्याला भांगाची भरती म्हणतात. उधाणाच्या दिवशी मालवणला भरती आणि ओहोटी यांतील पातळीचा फरक साधारण दोन मीटरांच्या आसपास असतो. उत्तरेकडे खंबायतच्या आखाताच्या दिशेने तो वाढत जातो आणि मुंबईत बराच जास्त होतो.

कोकणातील दर्यावर्दी लोकांनी याचा एक सुटसुटीत हिशेब बसवलेला आहे. तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमेला किंवा अमावस्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकरा. स्थलपरत्वे यात काही मिनिटांचा ते तासाभराचा फरक पडतो, पण छापील कोष्टकाविना होडी लोटणाऱ्यास एवढी अचूकता पुरेशी असते. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी होते, तेव्हा पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत खाली जाण्याची वेळ सकाळी व संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येते, आणि पद्मगडाकडे जाणारी वाट मोकळी होण्याची शक्यताही त्याच वेळी सर्वाधिक असते. पद्मगड आणि किनारा यांच्यामधील तळ उथळ राहण्याचे कारण असे की, खुल्या समुद्राकडून येणाऱ्या लाटा बेटाला वळसा घालून दोन्ही बाजूंनी त्याच्या पाठीमागे पोहोचतात, तेथे त्यांचा जोर मोडतो आणि त्यांच्यासोबत आलेली वाळू बेटाच्या आडोशाला खाली बसते. बेट आणि मुख्य भूमी यांना जोडणारा असा वाळूचा दांडा जगातील अनेक किनाऱ्यांवर आढळतो.

जुना खडक आणि त्याची टिकाऊ टोके

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या थरांनी, म्हणजे काळ्या बेसाल्टने, झाकलेला आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मात्र हे आच्छादन दक्षिणेकडे पातळ होत जाते आणि मालवण-वेंगुर्ले पट्ट्यात त्याच्याखालचे, त्याहून कितीतरी पटींनी जुने खडक उघडे पडतात. यांपैकी काहींचे वय शंभर कोटी वर्षांपेक्षा जास्त आहे. त्यांत पट्टे असलेला पट्टिताश्म आहे, रेडीच्या परिसरातील लोहयुक्त खडक आहेत, आणि क्वार्ट्झाइट आहे. क्वार्ट्झाइट म्हणजे वालुकाश्म पृथ्वीच्या पोटातील उष्णता व दाब यांमुळे इतका घट्ट झालेला खडक की, फोडला असता तो वाळूच्या कणांच्या सांध्यावरून न फुटता कणांच्या आरपार फुटतो. बेटांच्या दृष्टीने ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे, कारण किनाऱ्यावर कोणता खडक टिकतो आणि कोणता झिजतो यावरच किनाऱ्याची आकृती ठरते.

या किनाऱ्याचा जन्मही मोठ्या मोडतोडीतून झालेला आहे. भारतीय भूखंडापासून प्रथम मादागास्कर आणि नंतर लाव्हाच्या उद्रेकाच्या सुमारास सेशेल्सचा तुकडा अलग झाला, आणि जी कड उरली तीच पुढे कोट्यवधी वर्षे झिजत पूर्वेकडे सरकत आजचा सह्याद्री झाली. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर मोसमी पावसाचा मारा दर वर्षी होत राहिला. उष्ण हवामानात पाऊस व कोरडा काळ आलटून पालटून येत राहिले की खडकातील विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहतात. त्यांपासून झालेला तांबडा, सच्छिद्र थर म्हणजे जांभा, आणि त्याची सपाट पठारे म्हणजे कोकणातील सडे. मऊ झालेला भाग ओढ्यानाल्यांनी कापून नेला, कठीण खडकाच्या टेकड्या व कणे मागे राहिले. कुरटे बेट, पद्मगड, मालवणच्या बंदराबाहेर पसरलेली खडपे आणि दक्षिणेकडील वेंगुर्ला रॉक्स ही अशा मागे राहिलेल्या टेकड्यांची माथी आहेत.

त्या माथ्यांभोवती पाणी कसे आले, हा पुढचा प्रश्न.

वीस हजार वर्षांची चढण

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाचा कडाका शिगेला पोहोचला होता तेव्हा, उत्तर अमेरिका व युरोप यांच्या मोठ्या भागावर बर्फाचे प्रचंड थर साचलेले होते. ते पाणी समुद्रातूनच उचलले गेलेले असल्याने जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. कोकणासमोरचा समुद्रतळ किनाऱ्यापासून एकदम खोल जात नाही. शंभराहून अधिक किलोमीटरपर्यंत तो अतिशय मंद उताराने खाली उतरतो आणि त्यानंतरच खरा खोल समुद्र सुरू होतो. या मंद उताराच्या पट्ट्याला भूगोलात समुद्रबूड जमीन म्हणतात, आणि मालवणच्या बाबतीत हे नाव शब्दशः खरे आहे, कारण हिमयुगात ही सगळी जमीन कोरडी होती, कर्ली आणि गड या नद्या तिच्यावरून पुढे वाहत जात होत्या आणि आजचे कुरटे बेट किनाऱ्यापासून दूर, आतल्या मैदानावरची एक किरकोळ टेकडी होते.

बर्फ वितळू लागल्यावर समुद्र चढला. १२० मीटरांची ही चढण पुढील सुमारे तेरा हजार वर्षांत पुरी झाली, म्हणजे सरासरीने दर शंभर वर्षांना जवळजवळ एक मीटर. मधल्या काही काळात हा वेग याहून जास्त होता आणि काही काळात पाणी जवळपास थबकलेलेही होते. उभ्या अंतराचा हा हिशेब आडव्या अंतरात बदलला की त्याचे खरे परिमाण कळते. शंभर किलोमीटरांत १२० मीटर एवढाच उतार असेल, तर पाणी एक मीटर वर आले की किनारा सरासरी आठशे मीटरांहून अधिक आत सरकतो. त्या काळातील किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला आपल्या आयुष्यात समुद्र अर्धा किलोमीटर जवळ आलेला दिसला असणे अगदी शक्य आहे. परशुरामाच्या कथेत समुद्र मागे हटतो आणि कोकण उघडे पडते. गेल्या वीस हजार वर्षांचा भूशास्त्रीय इतिहास नेमका उलट्या दिशेने घडलेला आहे, आणि त्या कथेचा मेळ या इतिहासाशी घालण्याचा अट्टहास न केलेलाच बरा.

या चढणीत बेटे ज्या क्रमाने अलग झाली तो क्रम बाहेरून आत असा आहे. किनाऱ्यापासून सर्वांत दूर असलेला आंग्रिया बँक हा उंचवटा प्रथम मुख्य भूमीपासून तुटला. त्याचा माथा आज पाण्याखाली वीस-पंचवीस मीटरांवर आहे, म्हणजे हिमयुगात तो समुद्रापेक्षा सुमारे शंभर मीटर उंच होता. मुख्य भूमी आणि तो यांच्यामधला सखल भाग बुडाल्यावर काही हजार वर्षे तो खरेखुरे बेट म्हणून राहिला असला पाहिजे आणि साधारण नऊ हजार वर्षांपूर्वी त्याचा माथाही पाण्याखाली गेला असला पाहिजे. आंग्रिया बुडत असताना तिकडे वेंगुर्ला रॉक्स सुटी होत होती. कुरटे बेटाभोवतालचे पाणी उथळ असल्याने त्याची पाळी उशिरा, समुद्र आजच्या पातळीजवळ येऊन ठेपताना, म्हणजे सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या आगेमागे आली. पद्मगड या रांगेत सर्वांत मागे आहे. त्याचे अलग होणे अजून पुरे झालेले नाही आणि मोठ्या ओहोटीच्या दिवसांत ते दोनदा घडते व दोनदा रद्द होते.

मावळत्या भूभागाची ही अर्धवट बुडालेली टोके आरमाराच्या दृष्टीने मोलाची ठरली. पाण्याबाहेर न दिसणारे खडक माहितगार तांडेलाला वाट सोडतात आणि अनोळखी जहाजाचा तळ फोडतात. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटाची निवड केली त्यामागे बेटाचा आकार आणि किनाऱ्याची जवळीक यांच्या जोडीला हे खडकांचे कुंपणही होते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणीचा मुहूर्त झाला, त्या वेळची पूजा ज्या खडकापाशी झाली तो मोरयाचा धोंडा आजही मालवणच्या किनाऱ्यावर दाखवला जातो. १६६७ मध्ये काम पुरे झाले. अठ्ठेचाळीस एकरांच्या या बेटाभोवती सुमारे तीन किलोमीटर लांबीचा तट आहे आणि तो सरळ रेषेत न नेता खडकाच्या कडेचे वळण धरून नेलेला आहे, त्यामुळे किल्ल्याचा आराखडा पाहणे म्हणजे एका परीने बेटाचाच आराखडा पाहणे आहे.

खाऱ्या पाण्यात गोड्या विहिरी

सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत आणि त्यांचे पाणी गोडे आहे. किल्ला पाहण्यास येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला याचे आश्चर्य वाटते, आणि मुख्य भूमीवरून समुद्राच्या तळाखालून येणारा एखादा गुप्त झरा हे त्याचे उत्तर म्हणून सांगितले जाते. अशा झऱ्याची तात्त्विक शक्यता नाकारता येत नाही, परंतु त्याची गरजही नाही. बेटावर पडणारा पाऊस आणि पाण्याचे वजन या दोन गोष्टी पुरेशा आहेत.

पावसाचे पाणी खडकातील भेगांमधून आणि वरच्या झिजलेल्या थरातून खाली मुरते. बेटाच्या खालचा खडक भोवतालच्या समुद्राच्या पाण्याने भिजलेला असतो. समुद्राचे पाणी क्षारांमुळे गोड्या पाण्यापेक्षा जड असते; गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ भरते. त्यामुळे मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यात लगेच मिसळून न जाता त्याच्यावर तरंगत राहते, आणि माल भरलेल्या होडीचा थोडा भाग पाण्यावर व पुष्कळसा भाग पाण्याखाली असतो त्याप्रमाणे हा गोड्या पाण्याचा साठाही समुद्रपातळीच्या थोडा वर आणि बराचसा खाली असतो. दोन्ही पाण्यांच्या घनतेतील फरक चाळिसाव्या हिश्शाइतका असल्याने, गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक हात वर असेल तर तिच्याखाली सुमारे चाळीस हात खोलीपर्यंत गोडे पाणी असते. मधोमध जाड आणि कडांना पातळ अशा या साठ्याला भूजलशास्त्रात गोड्या पाण्याचे भिंग म्हणतात. नेदरलँड्समधील बादोन गायबेन आणि जर्मनीतील हर्झबर्ग या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी हा नियम स्वतंत्रपणे मांडला. हर्झबर्ग यांचा अभ्यास उत्तर समुद्रातील बेटांच्या पाणीपुरवठ्याशी निगडित होता, म्हणजे प्रश्न सिंधुदुर्गाचाच होता, फक्त समुद्र वेगळा.

कठीण आणि भेगाळ खडकात हे भिंग पुस्तकातल्या आकृतीइतके सुबक नसते. एखाद्या भेगेतून समुद्राचे पाणी बरेच आत शिरते आणि शेजारच्याच भेगेत गोडे पाणी सापडते, त्यामुळे विहिरीची जागा निवडणाऱ्याचे कसब येथे महत्त्वाचे ठरते. विहीर फार खोल नेली किंवा तिच्यातून एका वेळी फार पाणी उपसले, तर वरचा भार कमी होऊन खालचे खारे पाणी वर उचलले जाते आणि एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी होण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात. सिंधुदुर्गाच्या विहिरी साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ गोड्या राहिल्या, याचे श्रेय निसर्गाइतकेच त्यांची जागा ठरवणाऱ्यांना आणि हाताने, बेताने पाणी शेंदण्याच्या पद्धतीला द्यावे लागते.

> चौकट : पाण्याचा जमाखर्च
> अठ्ठेचाळीस एकर म्हणजे सुमारे १ लाख ९४ हजार चौरस मीटर. या किनाऱ्यावर एका पावसाळ्यात अडीच मीटर पाऊस पडतो असे धरले, तर बेटावर वर्षाला सुमारे ४८ कोटी लिटर पाणी पडते. त्यातील नऊ भाग वाहून व वाफ होऊन गेले आणि केवळ एक दशांश मुरला, तरी ४ कोटी ८० लाख लिटर जमेस येते. हजार माणसांच्या शिबंदीला दर माणशी रोज ४० लिटर या मापाने वर्षाला सुमारे १ कोटी ४६ लाख लिटर लागते. मुरलेल्या पाण्यापैकी काही भाग कडांवरून समुद्रात झिरपून जातो, हे धरूनही जमा खर्चापेक्षा जास्त राहते.

नदीने घडवलेली बेटे

मालवण तालुक्यात बेट हा शब्द समुद्रापुरता मर्यादित नाही. गड नदी समुद्राला मिळण्यापूर्वी कालावल खाडीत रुंदावते, आणि त्या खाडीत खोतजुवा, पाणखोल जुवा अशी वस्ती असलेली बेटे आहेत. खाडीतील बेटाला येथे जुवा म्हणतात. यांची घडण कुरटे बेटाच्या अगदी उलट आहे. कुरटे बेट आजूबाजूचे झिजून गेल्यामुळे उरले, तर जुवा काहीतरी साचल्यामुळे वाढला. सह्याद्रीवरून पावसाळ्यात गाळ घेऊन धावत आलेल्या नदीचा वेग भरतीचे पाणी समोरून आले की मंदावतो. वेग मंदावला की गाळ खाली बसतो. शिवाय खाऱ्या पाण्याच्या संपर्काने चिकणमातीचे बारीक कण परस्परांना चिकटून जड होतात आणि आणखी लवकर बसतात. अशा रीतीने खाडीच्या मधोमध उंचवटा तयार होतो, त्यावर कांदळाची रोपे रुजतात आणि त्यांच्या मुळांच्या जाळ्यात पुढचा गाळ अडकतो. कांदळवन ही गाळाच्या बेटाची तटबंदीच असते, आणि ती तोडली गेली की बेटाची कड ढासळू लागते. जुव्यावरील शेतीला खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी बांध घालावा लागतो. बांध फुटला तर एका उधाणात शिरलेले पाणी जमिनीला पुढील अनेक हंगाम नापीक करते.

तालुक्याच्या दक्षिण टोकाला देवबाग आहे. एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असलेली ही वाळूची लांबट, अरुंद पट्टी म्हणजे लाटांनी किनाऱ्याशी तिरकस धडकून वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने सरकवत नेल्याचा परिणाम आहे. लाट तिरकी चढते आणि सरळ खाली उतरते, त्यामुळे प्रत्येक लाटेसरशी वाळूचा कण थोडा पुढे ढकलला जातो. नदीचे मुख आडवे आले की ही वाळू तेथे जमून मुखाच्या दिशेने जिभेसारखी वाढत जाते. अशा पट्टीला वाळूचा दांडा म्हणतात. तळाशील-तोंडवळीची पट्टीही याच प्रकारची आहे.

देवबागच्या टोकाशी, कर्ली व समुद्र यांच्या संगमावर, पर्यटक ज्याला ‘त्सुनामी बेट’ म्हणून ओळखतात तो वाळूचा उंचवटा आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तो वर आला असे सांगितले जाते. नदीमुखाशी वाळूचे उंचवटे तयार होण्यासाठी त्सुनामीची आवश्यकता नसते. बाहेर पडणारी नदी आणि आत येणारी भरती जेथे परस्परांना अडवतात तेथे वाळू टाकली जाणे हा नित्याचा व्यवहार आहे, आणि एखादी असामान्य लाट त्याला फार तर निमित्त होऊ शकते. या बेटाला रोज टिकवून धरणारी गोष्ट नदीने आणलेली वाळू हीच आहे. येथेच एक धोकाही आहे. नदीच्या पात्रातून वाळूचा उपसा वाढला किंवा वरच्या अंगाला धरणामुळे वाळू अडली, तर त्याचा परिणाम पात्रापुरता राहत नाही. दांड्याला आणि किनाऱ्याला मिळणारा वाळूचा पुरवठा तुटतो आणि लाटा पूर्वीच्याच जोराने वाळू नेत राहतात. देवबागच्या किनाऱ्याची धूप व तेथे घालावे लागलेले दगडी बंधारे यांचा विचार या संपूर्ण हिशेबासह व्हावयास हवा. एका ठिकाणी घातलेला बंधारा पुष्कळदा धूप थांबवण्याऐवजी ती शेजारच्या वाडीकडे सरकवतो.

प्रवाळ आहे, पण प्रवाळबेट का नाही

लक्षद्वीपची ३६ बेटे प्रवाळांनी, म्हणजे चुन्याचे कवच तयार करणाऱ्या अतिशय लहान समुद्री जीवांच्या वसाहतींनी, घडवलेली आहेत. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे आणि सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकांवर तो पाहण्यासाठी पर्यटक पाण्यात उतरतात. तरीही येथे प्रवाळाचे एकही बेट झालेले नाही. याचे कारण प्रवाळाच्या गरजांमध्ये आहे. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात आणि सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यातील बराचसा वाटा त्याला देतात, म्हणून त्याला स्वच्छ, उजेड आत पोहोचू देणारे, उबदार आणि पुरेसे खारे पाणी लागते. पावसाळ्यात कर्ली, गड आणि इतर नद्या गढूळ गोडे पाणी समुद्रात ओततात, खवळलेल्या लाटा तळाचा गाळ ढवळतात, आणि चार महिने येथील प्रवाळाला अंधारात व गाळात तग धरावा लागतो. परिणामी गोलसर, दगडासारख्या, सावकाश वाढणाऱ्या जातीच येथे प्रामुख्याने टिकतात, आणि त्या खडकावर ठिकठिकाणी वाढतात. एकसंध भिंत उभारून समुद्राच्या वर येण्याइतकी उसंत त्यांना मिळत नाही. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले की प्रवाळ आपल्या शरीरातील शैवाले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो, त्याला विरंजन म्हणतात. हे मालवणलाही नोंदवले गेलेले आहे. होडीचा नांगर खडकावर टाकणे आणि पाण्यात उतरलेल्याने प्रवाळावर पाय देणे या दोन गोष्टी मात्र तापमानाप्रमाणे हाताबाहेरच्या नाहीत.

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून पद्मगड आणि त्याभोवतालचे खडक त्याच्या गाभ्यात येतात. मासेमारीवर पोट असलेल्या स्थानिक लोकांचा या घोषणेला आरंभापासून विरोध राहिला, आणि तो समजण्याजोगा आहे, कारण कागदावरची सीमारेषा त्यांच्या पिढीजात मासेमारीच्या पाण्यातून जाते.

वेंगुर्ला रॉक्स

वेंगुर्ले बंदराच्या वायव्येस, खुल्या समुद्रात, वेंगुर्ला रॉक्स हा उघड्या खडकांचा समूह आहे. येथे माती अत्यल्प आणि पाणी जवळजवळ नाही, म्हणून माणसाची वस्ती दीपगृहापलीकडे गेली नाही. लाटा खडकातील भेगांवर हजारो वर्षे आघात करत राहिल्याने तेथे लांब, अंधाऱ्या गुहा पोखरल्या गेल्या आहेत. या गुहांमध्ये भारतीय पाकोळी आपल्या लाळेची घरटी बांधते. काळोखात टकटक असा आवाज काढून आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून ती आपला मार्ग शोधते. लाळेच्या या घरट्यांना पूर्व आशियात खाद्य म्हणून मोठी किंमत येते आणि त्यामुळे त्यांची चोरटी तोड येथेही झाली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने त्याविरुद्ध काम केले आहे. गुहांच्या बाहेर, खडकांच्या माथ्यावर सुरय पक्षी अंडी घालतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी या पाकोळ्या आणि सुरय यांवर लिहिले होते. जमिनीवरून कोल्हा, मुंगूस किंवा मांजर येथे पोहोचू शकत नाही, हा या जागेचा पक्ष्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण आहे, आणि तो गुण नऊ हजार वर्षांपूर्वी समुद्राने मधली जमीन बुडवल्यामुळे तिला मिळालेला आहे.

आंग्रिया आणि कायद्याची सीमा

समुद्राची चढण कायमची थांबलेली नाही; हिमयुगानंतरच्या दीर्घ स्थैर्यानंतर ती पुन्हा सुरू झाली आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रपातळी सरासरीने सुमारे २० सेंटिमीटर वाढली आणि त्यातील अलीकडच्या वर्षांत वाढीचा वेग वर्षाला साडेतीन मिलिमीटरांच्या वर गेला. कठीण खडकाच्या कुरटे बेटाला यातून लगेच भय नाही. गाळाचे जुवे आणि देवबागचा वाळूचा दांडा यांना मात्र आहे, कारण त्यांची उंचीच उधाणाच्या पातळीहून फारशी जास्त नाही, आणि तेथे लोक राहतात.

आंग्रे घराण्याचे नाव असलेला आंग्रिया बँक या सर्वांत बाहेर, किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावर आहे. उत्तर-दक्षिण सुमारे ४० किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १५ किलोमीटर पसरलेला हा बुडालेला माथा नद्यांच्या गढूळ पाण्यापासून दूर असल्याने तेथे प्रवाळाची वाढ मालवणच्या किनाऱ्यापेक्षा कितीतरी समृद्ध आहे. मालवणच्या पाण्याला अभयारण्य घोषित करता आले, कारण ते भारताच्या प्रादेशिक समुद्रात, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, सुमारे २२ किलोमीटरांच्या, आत येते. आंग्रिया बँक त्या मर्यादेच्या बराच बाहेर, २०० सागरी मैलांपर्यंत पसरलेल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात आहे आणि तेथील व्यवस्था १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक केंद्रीय कायद्याखाली येते. म्हणून या द्वीपसमूहातील सर्वांत मोठ्या बेटाच्या संरक्षणाचा निर्णय मालवण किंवा मुंबई येथे होऊ शकत नाही. तो दिल्लीलाच घ्यावा लागेल.